छायाचित्र ट्रेसकट लावावे

मी, चंद्रप्रकाश शांताराम पेडणेकर, वय ७२ वर्षे, राहणार नाहूर (पश्चिम), हे मृत्युपत्र स्वहस्ते, स्वतःच्या शाईने आणि कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉ. स्वरदा वैद्य यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात वजा करत जाण्यास सांगितले. मी दोनपर्यंत गेलो. अठ्ठावन्ननंतर त्यांनी ताळा पाहणे सोडून दिले होते, हे माझ्या नजरेतून सुटले नाही.

माझ्या कुटुंबात वस्तुस्थिती आपल्या सोयीने सांगण्याची पद्धत पडली असल्यामुळे प्रथम ती क्रमाने नोंदवतो.

१. माझा जन्म लालबाग येथे दि. ४ मार्च १९५३ रोजी झाला. वडील गिरणी कामगार होते, मूळ गाव वेंगुर्ल्याजवळ.

२. सन १९७१ मध्ये मॅट्रिक होऊन मी भारतीय नौदलात स्ट्यूअर्ड म्हणून दाखल झालो. स्ट्यूअर्ड म्हणजे युद्धनौकेवरील अधिकाऱ्यांच्या भोजनकक्षाची, म्हणजे वॉर्डरूमची, संपूर्ण व्यवस्था पाहणारा नौसैनिक.

३. सन १९९७ मध्ये मी चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. मी कमिशन मिळालेला अधिकारी नव्हतो. कधीही नव्हतो. मी तसा दावा केलेला नाही.

४. नोकरीत असतानाच मी बहिःस्थ विद्यार्थी म्हणून बी.ए. आणि तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. केले. विद्यापीठात दुसरा आलो. पहिल्या आलेल्याचा प्रबंध मी पुढे वाचला. तूर्त इतकेच.

५. निवृत्तीनंतर पंधरा वर्षे मी अंधेरीतील एका केटरिंग संस्थेत भोजनसेवा हा विषय शिकवला.

६. माझी पत्नी सुलक्षणा २०१६ मध्ये निवर्तली. एकुलता एक मुलगा अनिरुद्ध, चार्टर्ड अकाउंटंट, मुलुंड येथे राहतो. सून शर्मिष्ठा. नात रुचिरा, वय १९.

७. रुचिरा अग्निवीर म्हणून नौदलात निवडली गेली असून तिला दि. २४ नोव्हेंबर रोजी चिल्का येथे प्रशिक्षणास हजर व्हायचे आहे.

८. तिच्या पडताळणी अर्जात, सैन्यदलातील नातेवाईक या रकान्यात, माझ्या नावापुढे ‘लेफ्टनंट कमांडर (निवृत्त)’ असे लिहिले आहे. अर्जावर पालक म्हणून अनिरुद्धची सही आहे. त्याच अर्जाच्या तळाशी छापले आहे की खोटी माहिती आढळल्यास निवड कोणत्याही टप्प्यावर रद्द होईल.

येथे वस्तुस्थिती संपते. आता मालमत्ता.

घर. नाहूर येथील माझी सदनिका मी अनिरुद्धला देत आहे. बिनशर्त. ‘अमुक केलेस तर घर तुझे’ अशी अट घालावी, असे मला सुचवण्यात आले होते. सत्य विकत घेणे माझ्या शिस्तीत बसत नाही. घर आत्ताच त्याचे म्हणून नोंदवले असल्याने पुढील मजकूर वाचताना त्याला वारशाची काळजी करण्याचे कारण नाही. त्याच्या बाकीच्या काळज्या अधिक गंभीर आहेत.

बचत. बँकेतील ठेव समान भागांत अनिरुद्ध व रुचिरा यांना. आकडा पासबुकात आहे. चार्टर्ड अकाउंटंटला तो वाचता येईल, अशी आशा आहे.

पुस्तके. तत्त्वज्ञानाची पुस्तके मुलुंडमधील कोणत्याही वाचनालयाला देऊ नयेत. मी एकदा दिली होती. महिन्याभराने त्यांतील एकावर भज्यांचे तेल आढळले. ती माझ्या शेजारी श्रीमती रेवती कर्णिक यांना द्यावीत.

ज्येष्ठ बंधू विद्याधर, घाटकोपर. सन १९७५ मध्ये माझ्यासाठी मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात ते पाहुण्यांसमोर म्हणाले, “आमचो चंदू बोटीर भांडी घासता. पण पगार बरो आसा.” मुलीकडच्यांनी पोहे अर्धे टाकून निरोप घेतला. विद्याधर यांना मी एक चिनी मातीची बशी देत आहे. ती मी स्वतः घासलेली आहे. उजेडात धरून पाहावी.

अंधेरीची संस्था. काही नाही. तेथील प्राचार्य मला म्हणाले होते, “पेडणेकर सर, एवढं परफेक्शन कोण बघतंय? पोरांना बुफे लावता आला की झालं.” त्यांचे विद्यार्थी आता जुहूच्या हॉटेलांत पाहुण्याच्या खांद्यावरून हात घालून पाणी ओततात. मी तेथे जेवायला जात नाही.

उत्तरक्रिया. तेराव्याच्या जेवणाला बुफे लावू नये. हातात ताट धरून रांगेत उभे राहणे हे भोजन नव्हे. सर्वांना बसवावे, डावीकडून वाढावे, उजवीकडून उचलावे. थर्माकोलची पत्रावळ आढळल्यास ज्याने आणली त्याने ती घेऊन घरी जावे.

हत्यारे. टेबल मांडण्याची लाकडी फूटपट्टी, पांढऱ्या हातमोज्यांचे चार जोड, चांदी उजळण्याचे तीन ब्रश आणि भोजनसेवेवर मी हाताने लिहिलेली दोनशे चौदा पानांची वही रुचिराला द्यावी. याचे कारण पुढे येते.

रविवार, दि. २६ ऑक्टोबर रोजी ती माझ्याकडे आली.

“आजोबा, तुमचा सर्व्हिस नंबर द्या ना. फॉर्मवर तेवढाच राहिलाय, तो नंतर कळवायचाय.”

मी अर्जाची प्रत मागितली. माझ्यासमोर आलेला कोणताही कागद मी वाचल्याशिवाय परत करत नाही, हे तिच्या वडिलांनी तिला सांगायला हवे होते.

“हे लेफ्टनंट कमांडर कोण?”

“तुम्हीच ना!”

“आणि तुला शाखा कोणती मिळाली?”

“लॉजिस्टिक्स.”

“लॉजिस्टिक्समध्ये काय?”

ती म्हणाली, “आजोबा, प्लीज रागावू नका. स्ट्यूअर्ड. बाबा म्हणाले आजोबांना अजिबात सांगू नकोस, एवढ्या मोठ्या ऑफिसरची नात आणि प्लेटा उचलणार, त्यांना लाज वाटेल.”

मी उठलो आणि कपाटातून एक छायाचित्र काढले. याचीच एक प्रत मुलुंडच्या दिवाणखान्यात लावलेली आहे. तीत मी पांढऱ्या गणवेशात आमच्या कप्तानाशेजारी उभा दिसतो, छातीपर्यंत. माझ्याकडील मूळ प्रत कमरेपर्यंत आहे आणि तीत माझ्या हातात चांदीचा ट्रे आहे.

“हा ट्रे कुठून आला?” तिने विचारले.

“तो होताच. तुमच्या घरची फ्रेम लहान पडली.”

तिने छायाचित्राकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा छायाचित्राकडे पाहिले. “म्हणजे मी आठ दिवस उगाच रडले?”

मी तिला टेबल मांडायला सांगितले. पहिल्या वेळी सुरीची धार बाहेरच्या बाजूला होती. दुसऱ्या वेळी ग्लास अर्धा इंच चुकला. तिसऱ्या वेळी बोटांचे ठसे. चौथ्या वेळी दोष काढण्यासाठी मला चष्मा लावावा लागला. आमच्या बॅचमध्ये मलाही चार वेळा मांडायला लावले होते, पण ही गोष्ट तिला माझ्या हयातीत कळता कामा नये.

तिच्यासाठी थोडे लिहितो. आधी सोळा आठवडे कवायत, पोहणे, बंदूक. त्यात टेबल नाही. मग शाखेचे शिक्षण. मी ते मार्वे येथे घेतले. सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, लीडिंग, पेटी ऑफिसर, चीफ: एकेका पायरीला परीक्षा आहे आणि प्रत्येक परीक्षेत अर्धे लोक घसरतात, कारण त्यांना वाटते की ट्रे धरणे म्हणजे हात पुढे करणे. अशांनी वीस अंश कललेल्या डेकवरून सूप न सांडता नेऊन दाखवावे. आमच्या काळी नवे सब-लेफ्टनंट पहिल्या मेजवानीत पोर्ट वाइनची सुरई कोणत्या हाताला सरकवायची हे माझ्या भुवईकडे पाहून ठरवीत. त्यांतले दोघे ॲडमिरल झाले. रुचिराची पहिली मुदत चार वर्षांची आहे आणि चौघांतून जास्तीत जास्त एकाला पुढे ठेवतात. मी तिचे सांत्वन करणार नाही. तो एक तिने व्हावे.

अर्धा टेबलक्लॉथ. हा अनिरुद्धला द्यावा. माळ्यावरच्या लोखंडी पेटीत, कापूर घालून ठेवला आहे.

समुद्र खवळला की स्ट्यूअर्ड टेबलावरचे कापड पाण्याने भिजवतो, म्हणजे बशा घसरत नाहीत. मुंबईच्या घरात कोणी असे केले तर त्याला वेड लागले म्हणतील. सन १९८४ मध्ये एका लहान जहाजावर मी असेच कापड भिजवून रात्रीचे जेवण मांडले होते. बॉयलरमध्ये स्फोट झाला आणि भाजलेल्या एका स्टोकरला, म्हणजे बॉयलर सांभाळणाऱ्या नौसैनिकाला, वर आणले. आपत्तीच्या वेळी वॉर्डरूमचा दवाखाना होतो आणि स्ट्यूअर्ड प्रथमोपचार पथकात असतो. मी एका झटक्यात ते मांडलेले टेबल रिकामे केले. माझ्या नोकरीत एकाच वेळी चौदा ग्लास फुटले, ते तेव्हा. ओल्या कापडाचा अर्धा भाग कापून त्याच्या छातीवर आणि हातांवर घातला आणि बंदर येईपर्यंत, सहा तास, त्यावर स्वच्छ पाणी घालत राहिलो. तो माणूस वाचला. माझ्या सेवापुस्तकात याची एका ओळीची नोंद आहे. सेवापुस्तक अठ्ठावीस वर्षे माझ्या टेबलाच्या पहिल्या खणात होते आणि त्या खणाला कुलूप नाही. अनिरुद्धने ते कधीही उघडले नाही. त्याने फक्त छायाचित्र कापले.

त्याला मी फोनवर अर्जाबद्दल विचारले तेव्हा तो म्हणाला, “अहो बाबा, चीफ पेटी ऑफिसर, त्यात ऑफिसर आहेच ना! आणि वीस वर्षं सगळ्यांना तेच सांगितलंय. आता शर्मिष्ठाच्या माहेरी काय तोंड दाखवू? कोण चेक करतंय?”

नौदल चेक करते. मला माहीत आहे, कारण मी तेथे होतो. दुसऱ्याच्या ताळेबंदातील खाडाखोड शोधून पोट भरणाऱ्या माणसाने स्वतःच्या मुलीच्या अर्जात ही नोंद करावी, आणि तीही ज्या खात्यात माझ्या सेवेचे दप्तर आजही ठेवलेले आहे त्याच खात्यात, याला मी लबाडीसुद्धा म्हणणार नाही. लबाडीला किमान कौशल्य लागते.

माझाही दोष नोंदवणे आवश्यक आहे. सन २००३ मध्ये त्याच्या लग्नपत्रिकेवर ‘निवृत्त नौदल अधिकारी’ छापून आले तेव्हा मी पत्रिका परत पाठवायला निघालो होतो. सुलक्षणा म्हणाली, “अहो, पोराचं लग्न लागू दे. मग सांगा काय सांगायचं ते.” लग्न लागले. मग बारसे झाले. मग सुलक्षणा गेली. मी तिला दिलेला शब्द पाळत राहिलो आणि त्या शब्दाच्या आडोशाला एक खोटे वीस वर्षे आरामात राहिले. चौदा ग्लासांची नुकसानभरपाई मी लेखी कबूल केली होती. ही आज करतो.

छायाचित्र. ट्रेसकट असलेले मूळ छायाचित्र मुलुंडच्या दिवाणखान्यात, सध्याच्या कापलेल्या प्रतीच्या जागी लावावे. फ्रेम मोठी घ्यावी. खर्च माझ्या ठेवीतून करावा.

व्यवस्थापक. या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्रीमती रेवती श्रीनिवास कर्णिक यांनी करावी. त्या अकरा वर्षे आमच्या सोसायटीचे इतिवृत्त लिहीत आहेत. त्यात एकच चूक झाली आणि ती दाखवताच त्यांनी मान्य केली. असा दुसरा मनुष्य माझ्या माहितीत नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर मी दोनदा तपासला असून त्यात खाडाखोड नाही.

स्थळ: नाहूर, मुंबई
दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५

(सही) चंद्रप्रकाश शांताराम पेडणेकर
चीफ पेटी ऑफिसर (स्ट्यूअर्ड), भारतीय नौदल, निवृत्त

आम्हा दोघांच्या समक्ष यांनी सही केली व यांच्या समक्ष आम्ही केली:
१. (सही) डॉ. स्वरदा वैद्य, मुलुंड
२. (सही) मुकुल दिगंबर सामंत, नाहूर. यांनी प्रथम चुकीच्या रेघेवर सही केली होती. म्हणून हे पान मी पुन्हा लिहून काढले.

या मृत्युपत्राची प्रत आजच रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे:

अनिरुद्ध, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचायचे असते, हे मला माहीत आहे. रुचिराला तेवढा वेळ नाही. अर्जातील माहिती चुकीची असून ती तू भरायला लावलीस, तिचा त्यात दोष नाही, असे भरती कार्यालयाला पाठवायचे निवेदन तू स्वतःच्या सहीने तयार कर. त्यात माझा हुद्दा आणि शाखा पूर्ण लिही. शब्द गाळू नकोस. त्याची प्रत शनिवार, दि. १५ नोव्हेंबर रोजी सायंकाळी सहापर्यंत मला मिळावी. फोन करू नकोस, शर्मिष्ठाला मध्ये घालू नकोस, येऊन गळ्यात पडू नकोस. निवेदनाची पहिली ओळ ‘माझे वडील नौदलात स्ट्यूअर्ड होते’ अशी असावी, आणि मला उत्तर लेखीच हवे.