दुसऱ्या फेरीतला टॉवेल

सर, पाटसच्या साखर कारखान्यातली फिटरची पाळी संपवून तुम्ही दौंडला शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये कराटे शिकवायला यायचात, तेव्हा तुमच्या कपड्यांना मळीचा वास असायचा. राहू गावाहून येणारी मी एकटीच मुलगी. घरी आबा म्हणायचे, "मेंढरामागं फिरलेल्या घरातली पोर हाय, पाय बळकट असनारच." तुम्ही मला ब्लॅक बेल्टपर्यंत नेलंत, मग किकबॉक्सिंगकडे वळवलंत. कराटेत आपण फटका अंगाशी नेऊन थांबवायचो. इथं तो थांबत नाही, हे मला तुमच्या क्वार्टरवर कळलं.

पुण्याच्या स्पर्धेत माझी गाठ मंगोलियाच्या एका मुलीशी होती. तीही कराटेतूनच आलेली, तीन-चार वर्षांत तिकडं नाव झालेली. तिची कॅसेट तुम्ही कुठूनतरी मिळवलीत. तुमच्या क्वार्टरच्या एकाच खोलीत इकडं टीव्ही, तिकडं काकू भाकरी थापतायत. पडद्यावर तिचा पाय उचललेला दिसतच नाही, समोरची मुलगी पडलेली तेवढी दिसते. काकूंचे हात पिठातच थांबले. "आवं, ही पोर तिच्यापुढं उभी करनार तुमी?" तुम्ही कॅसेट मागं नेऊन पुन्हा लावलीत. "पाय नगं बघू, खांदा बघ. आधी खांदा हलतो." मी खांदा बघितलाच नाही. पडलेल्या मुलीचे डोळे उघडे होते, ते बघत राहिले.

पुढचा महिनाभर एसटीत कंडक्टरनं तिकिटासाठी हात पुढं केला तरी माझी मान झटकन मागं जायची. तुम्ही विचारलंत, "भ्या वाटतंय का?" मी म्हणाले, "न्हाई, सर." तुम्ही म्हणालात, "रिंगात खोटं बोलनाऱ्याच्या कोपऱ्यात उभं ऱ्हानं लई अवघड असतं." इतक्या वर्षांत मला रागावलात ते एवढंच.

पहिली फेरी मी नुसती मागं सरकत काढली. दुसऱ्या फेरीत तिचा पाय कानावर बसला आणि सगळा हॉल गप्प झाला, म्हणजे मलाच ऐकू येईना. मी गुडघ्यावर आहे. पंचांची बोटं एकेक वर येतायत. सहाव्या बोटाला मी उठले. ती पुन्हा चालून येते, आणि तेवढ्यात आमच्या दोघींच्या मध्ये तुमचा टॉवेल पडतो, म्हणजे लढत सोडली.

नंतर ती कपडे बदलायच्या खोलीत आली आणि तुमच्यासमोर कमरेत वाकली, कराटेच्या वर्गात वाकतात तशी. सोबतचा दुभाषी म्हणाला, "बोल रही है, इसका खुद का एक कान बंद है. इसके टाइम पे किसीने टॉवेल नहीं फेंका." तुम्ही हात जोडलेत. मी भिंतीकडं तोंड करून हातावरच्या पट्ट्या सोडत बसले.

गावात आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, मी उठले होते, सरच भ्याले. हळूहळू पालकांनी मुलं काढून घेतली, शेड रिकामी झाली. पाटसच्या स्टँडवर एकदा तुम्ही दिसलात. "कान कसा हाय आता?" मी बसमध्ये चढले. त्याच गाळप हंगामात, कामावर असतानाच, तुमचं हृदय बंद पडलं.

ती मुलगी पुढं पुष्कळ वर्षं खेळली, तिच्या देशाची विजेती झाली, मग मुलींना शिकवायला लागली. शिरूरच्या सायबर कॅफेत बसून मी हे सगळं शोधून वाचायचे. मी मात्र पुन्हा रिंगमध्ये उतरले नाही. आता शिरूरच्याच शाळेत किकबॉक्सिंग शिकवते. उद्या माझी एक विद्यार्थिनी पहिल्यांदा लढणार आहे आणि तिच्या कोपऱ्यात मी आहे.

म्हणून आज केडगावला काकूंकडं जाऊन आले. त्यांनी चहा दिला. म्हणाल्या, "ह्यांला शेवटपतुर वाटायचं, पोरीचा डाव आपन मोडला." मी कप खाली ठेवला आणि तशीच उठून आले.

त्यांना सांगवलं नाही. हे पत्रही त्यांच्या हाती पडू देणार नाही. सर, सहाव्या बोटाला उठले तेव्हा मी तुमच्याकडं वळून बघितलं होतं आणि मान हलवली होती, आता लढायला नको म्हणून.