आधी अक्काचे फेडले

३ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी लाँड्री उघडायच्या आधी अक्काकडे गेलो आणि तिचे दोन लाख तिच्यापुढे ठेवले. बंद पडलेल्या हॉटेलच्या मालकाने शनिवारी अखेर जुन्या बिलांचे पैसे दिले – चादरी, टॉवेल, वर्षभराची धुलाई. घरात ठेवायची भीती वाटत होती. कुठे खर्च होतील, कोण मागायला येईल!

अक्का भांडी विसळत होती. "अरे, मी मागितले होते का?" म्हणाली. हात पुसून पाकीट घेतलं, मोजलं नाही. आतून भावोजी ओरडले, "मोजून घे गं! लाँड्रीवाल्याचे आहेत, धुतल्यावर आटले असतील." तिघेही हसलो.

मोठं मशीन घेताना तिने ठेव मोडून दिले होते. आता कुणाचंही देणं राहो, अक्काचं राहिलं नाही. नाम घेत चालत दुकानावर आलो. किती दिवसांनी मन लागलं!

५ नोव्हेंबर, बुधवार

बँक, पावडरवाला, जागेचे मालक – तिघांचेही फोन. हॉटेल गेल्यापासून बॉयलर आठवड्यातून दोनदाच पेटतो. हप्ता काही विझत नाही. एकाकडून उसने घेऊन दुसऱ्याला, दुसऱ्यासाठी तिसऱ्याकडून – किती दिवस?

शेजारचा चावीवाला म्हणाला, "अहो मालक, कोर्टात जा, हात वर करा, मोकळे व्हा! माझ्या साडूने केलं. नवी गाडी घेतली."

हिला सांगितलं. "आधी विचारा, गाडी कुणाच्या नावावर आहे." हिच्या तोंडी कुणी लागू नये.

शनिवारी फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाई बसतात. जायचं ठरलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

वकीलबाई माझ्या भाचीच्या वयाच्या. मी विचारलं, "दिवाळखोरीचा अर्ज दिला की सगळं संपतं ना?"

"संपत नाही, काका. उघडं होतं."

पुष्कळ सांगितलं. आता नवं कर्ज घ्यायचं नाही. मशीन ओळखीच्याला स्वस्तात द्यायचं नाही. दंड आणि काही सरकारी देणी माफ होत नाहीत. कुणी जामीन असेल तर आपण सुटतो, तो सुटत नाही – उलट बँक त्याच्याच दारात जाते. मला जामीन कुणी नाही, देवाची कृपा. मोठं मशीन जाईल. इस्त्री आणि टेबल पोटापाण्याचं म्हणून राहील. मी मान डोलवत होतो.

मग म्हणाल्या, "एवढ्यात कुणा नातेवाइकाला पैसे परत केलेत?"

मी ताठ बसून सांगितलं – हो! सख्ख्या बहिणीचे. सोमवारीच. पै न पै.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे नको होतं करायला, काका. बुडत असताना आपल्या माणसाचे आधी फेडायचे नसतात. सगळे घेणेकरी एका पंगतीत. वाढणाऱ्याने घरच्यांच्या पानात आधी वाढायचं नाही."

आता कोर्टाचा अधिकारी ते पैसे अक्काकडून परत मागू शकतो. सगळ्यांत वाटायला. त्यातून तिच्या वाट्याला शंभरातले वीस येतील, कदाचित तेवढेही नाहीत. मी तिला आधी दिलेच नसते तरी तिला एवढेच मिळाले असते. पण मग ती कुणाला काही परत करत बसली नसती.

"आणि लिहिलंच नाही तर?"

"सापडलं तर माफी नाही. आणि बहीणही तुमच्याबरोबर गोत्यात."

पुण्य समजून जे केलं, त्याला कागदावर काय म्हणतात ते आज कळलं.

९ नोव्हेंबर, रविवार

अर्जात मला 'नादार' म्हटलंय. गावच्या शाळेत फी माफ असणाऱ्यांना नादारी असायची. गुरुजी यादी वाचायचे, आम्ही पाच-सहा जण उभे राहायचो. आई म्हणायची, "उभं राहायची लाज कसली? पाय दुखतात का?" तेव्हा नाव वाचून झालं की खाली बसायला मिळायचं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ही म्हणते लिहू नका. "रोख दिलेत. आपण चौघं आणि त्या वकीलबाई सोडून कुणाला ठाऊक? अक्कांना कशाला खेचता?"

अर्जाच्या शेवटी देवाला स्मरून शपथ आहे – वरील सर्व खरे असून काही लपवलेले नाही. आयुष्यभर गिऱ्हाइकांना 'उद्या नक्की' म्हणत आलो. ते खोटं देव खपवून घेत असेल. लाँड्रीवाल्याचा उद्या त्यालाही ठाऊक! पण हे त्यातलं नाही.

"मग देवाला सांगा," ही म्हणाली, "बायकोने सांगितलं म्हणून." आणि रडायला लागली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पूजेला बसलो. उठलो. मधलं काही आठवत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गिऱ्हाइकांचे कपडे परत करतोय. उद्या दुकानाला कुलूप लागलं तर लोकांचं काही आत अडकायला नको. एक बाई पडदे न्यायला आल्या. "बंद करताय? मग माझ्या घरातले डाग कुणी काढायचे?" मी म्हटलं, आता डाग पडू देऊ नका. हसल्या. मीही.

संध्याकाळी मांडण्या रिकाम्या. दुकान एवढं मोठं आहे हे आजच दिसलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

अक्काला सांगायला गेलो. दारातच भावोजी – "तुझे पैसे अगदी वेळेवर आले रे! हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. पंचवीस तारखेला. सगळे आगाऊ भरले."

अक्का दोन वर्षं भिंत धरून चालते. आज मला चहा द्यायला भिंत धरूनच आली. "आता बघ, शर्यत लावू," म्हणाली.

चहा प्यायलो. बशी नीट ठेवली. घरी आलो.

भित्रा!

१९ नोव्हेंबर, बुधवार

सांगितलं. भावोजी कामावर गेल्यावर, उभ्यानेच, एका दमात.

अक्का खुर्चीच्या हातावर बोट फिरवत राहिली. "म्हणजे मी परत द्यायचे."

"एकदम नाही. हप्ते ठरवून देतील कदाचित. पण तुझं नाव लिहावं लागेल."

"आणि नाही लिहिलंस तर माझा गुडघा होतो. असंच ना?"

"हो. सापडलं नाही तर."

"मग?"

"शपथ आहे, अक्का."

"शपथ तुझी आणि गुडघा माझा!"

ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "मी मागितले नव्हते. तू आपणहून आलास. तुला झोप लागत नव्हती, म्हणून माझे पैसे आणून टाकलेस. आता परत झोप लागत नाही, म्हणून न्यायला आलायस. माझा विचार नक्की कुठल्या दिवशी केलास?"

मी चपला घातल्या.

निघताना "जेवून जा" म्हणाली नाही. जन्मात पहिल्यांदा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

तिचं खरं आहे. त्या सोमवारी नाम घेत आलो तेव्हा मी देवाचं नाव घेत होतो की स्वतःची पाठ थोपटत होतो?

२२ नोव्हेंबर, शनिवार

खरं लिहिलं तर तेही माझ्याच झोपेसाठी नाही कशावरून? दोन दिवस हाच भुंगा. उत्तर सापडलं नाही. एवढं कळतं, की खोटं लिहिलं आणि उद्या कुणी अक्काच्या दारात उभं राहिलं, तर तिला माझ्या खोट्यात उभं राहावं लागेल. तिने ते कधी मागितलेलं नाही.

ही आज म्हणाली, "सोमवारी अर्ज द्यायला मी येते बरोबर. चष्मा विसरलात तर सही कुठे कराल?"

देवापुढे काही मागितलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रकाना भरला – दोन लाख, रोख, घेणारी सख्खी बहीण. वकीलबाई म्हणाल्या, "पुढे लिहा, परत आले." मी म्हटलं, कुठे आलेत? त्यांनी पाकीट दाखवलं. शनिवारी अक्का त्यांच्याकडे येऊन गेली होती. ऑपरेशन रद्द करून, एकटी, कठडा धरून दोन जिने चढून. मला कळवू नका म्हणाली होती.

माझ्या हातात दिले नाहीत.

'परत आले' लिहिलं. सही केली. अर्ज दिला.