तक्त्यात माणसाची ओळ नाही

९ जानेवारी, गुरुवार

आज चोरी केली. बावीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे, कापसाचा बोळासुद्धा कधी घरी आणला नव्हता. आज जंताच्या पावडरीच्या बरणीतून दोन चमचे कागदात बांधले आणि जेवणाच्या डब्यात लपवले. डॉक्टरसाहेब बाहेर घोड्याचा खूर बघत होते. "झालं का रे?" असं ओरडले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. ते घोड्याच्या मालकाला विचारत होते!

हे सगळं हिच्या धाकट्या भावामुळे. मनातल्या मनात मी त्याला मोबाइलशास्त्री म्हणतो. हिच्या फुप्फुसात गाठ निघाली, केमोचे दोन डोस झाले, आणि परवा हा फोन नाचवत आला. कुठल्याशा देशात कुणी माणूस म्हणे कुत्र्याचं जंताचं औषध खाऊन कॅन्सरमधून उठला. "भावोजी, तुमच्याकडे तर बरण्या भरून आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

मी म्हटलं, एका माणसाच्या सांगण्यावर औषध ठरत नाही. केमो देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारू. ही म्हणाली, "त्या नाहीच म्हणणार. तुम्ही आणता की हा आणू दे?"

त्याने कुठून काय आणलं असतं, देव जाणे. निदान माझ्या हातून मापात तरी जाईल, अशी स्वतःची समजूत घातली.

११ जानेवारी

दवाखान्याच्या भिंतीवर मापाचा तक्ता आहे. गाय, घोडा, शेळी, मेंढी, कुत्रा. माणसाची ओळच नाही. अर्धा तास त्याच्यासमोर झाडू घेऊन उभा होतो. शेवटी कुत्र्याची ओळ धरली. वजन विचारावं लागलं नाही – रोज शेळ्यांची वजनं नुसत्या नजरेने सांगतो. ही पंचेचाळीस किलो. गेल्या वर्षी चौपन्न होती.

निळ्या रिकाम्या कॅप्सूल भरताना अर्धी पावडर टेबलावर सांडली.

"कुठली ओळ धरलीत?" हिने विचारलं. "कुत्र्याची." "बरं केलंत. शेळी होऊन मरायचं नव्हतं मला." आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकली! पुन्हा शिलाई मशीनवर जाऊन बसली. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, दोनदा.

१४ जानेवारी

दुपारी हिचा डोळा लागला की उशाशी बसून श्वास मोजतो. घड्याळ लावून, जनावरांचे मोजतो तसे. काय सापडेल म्हणून मोजतो, ते मलाच ठाऊक नाही.

२२ जानेवारी

हिची भूक गेली आहे. ही म्हणते केमोने. असेल.

२८ जानेवारी, मंगळवार

आज तिसरा डोस होता. दिला नाही! रक्ताच्या रिपोर्टमध्ये लिव्हरचे आकडे तिप्पट. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून विचारलं, "बाहेरचं काही घेताय? काढा, पावडर, कुणी काही दिलेलं?"

ही म्हणाली, "छे!" मग बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नाही हो." चोराच्या मनात चांदणं म्हणतात – माझ्या तर कपाळावर घाम. त्या म्हणाल्या, मग केमोच झेपत नसेल, दोन आठवडे थांबू. म्हणजे गाठीला दोन आठवडे मोकळं रान. आणि ते मी दिलं.

बाहेर आल्यावर हिला म्हटलं, गोळी बंद कर. "उलट आता तीच एक उरली," म्हणाली. मी हो म्हटलं. मला नाही म्हणता येत नाही. पिसाळलेल्या बैलाला दोरी लावतो मी, हिच्यापुढे मात्र मांजर.

२९ जानेवारी

आज कॅप्सूलमध्ये कॉर्नफ्लोअर भरलं. तीच निळी टोपी, तीच बाटली. जुन्या गोळ्या दवाखान्याच्या खड्ड्यात पुरल्या. सकाळी हिने गिळली तेव्हा पहिल्यांदा मी मोरीत तोंड धुवायला गेलो नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आकडे उतरले! तिसरा डोस मिळाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीराने जुळवून घेतलं." ही मला कोपराने ढोसत होती – म्हणजे गोळीचीच करामत. मी छताकडे बघत बसलो.

१९ फेब्रुवारी

एक कॅप्सूल हिच्या हातात फुटली. बोटांत चोळून बघितलं. "पावडर बारीक दिसतेय हो." "नवीन माल आला." "वासही नाही." "चांगल्या कंपनीचा आहे." एक खोटं झाकायला किती खोटी बोलायची!

४ मार्च

चौथा डोस. ठीक.

१७ मार्च, सोमवार

स्कॅनमध्ये गाठ निम्मी!

डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, केमो लागू पडतेय, अजून दोन डोस पूर्ण करायचेच. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मोबाइलशास्त्री संध्याकाळी आला, येतानाच ओरडत, "बघा भावोजी, मानता की नाही?" ही सगळ्यांसमोर म्हणाली, "यांच्या हाताला गुण आहे." मला रडूही येईना आणि हसूही.

१९ मार्च

संपलं. ही म्हणते केमो बंद.

"केस गेले, तोंडाची चव गेली. बोटांची टोकं बधिर झालीत, सुईत दोरा ओवता येत नाही मला. गिऱ्हाइकाच्या पँटी उलट्या शिवून ठेवल्या काल. तुमच्या गोळीने बघा, काहीसुद्धा त्रास नाही. मग जिचा त्रास नाही तीच घेते."

त्रास होणार कसा! पीठ आहे ते! हे शब्द दातांपर्यंत आले आणि मी परत आत ढकलले. मंगळवारी पाचवा डोस. सहा दिवस आहेत. सांगितलं तर माझ्यावरचा विश्वास जाईल, नाही सांगितलं तर हीच जाईल.

२१ मार्च

दवाखान्यात आज शेळीला कुत्र्याचं इंजेक्शन देणार होतो. डॉक्टरसाहेबांनी मनगट धरलं. "घरी जा," म्हणाले. घरीच तर जायचं नाही मला.

२४ मार्च, सोमवार

सांगितलं.

ही मशीनवर होती, टाचण्या ओठांत धरलेल्या. मी दारातच उभा राहून एका दमात बोललो. बरणी, लिव्हरचे आकडे, कॉर्नफ्लोअर, सगळं. मशीन थांबलं. हिने एकेक टाचणी काढून डबीत ठेवली. मला वाटलं आता कात्री फेकून मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे खरं औषध मी किती दिवस घेतलं?"

"अठरा."

हिचा चेहरा उजळला. खोटं नाही लिहीत – उजळला! "अठरा दिवसांत निम्मी गाठ?"

मी डोक्यावर हात मारून घेतला. म्हटलं, अगं गाठ केमोने गेली, त्या पावडरीने फक्त लिव्हर गेलं असतं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, बाकी काही नाही. "फांदी मोडली ना? मग कावळ्याला का हाकलायचं?" हिच्याशी वादात आजवर कोण जिंकलंय!

मग मी रडलो. चौपन्न वर्षांचा बाप्या, दाराच्या चौकटीला धरून. म्हटलं, तू गेलीस तर मी काय करू? मला नुसती भीती वाटते, जानेवारीपासून दुसरं काही वाटलेलंच नाही. ही उठली, पदराने माझं नाक पुसलं. "बरं. घेते उद्या केमो. भित्री भागूबाई कुठली."

२५ मार्च, मंगळवार

पाचवा डोस झाला. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून टाकावं असं खूप वाटलं. तोंड उघडलंसुद्धा. मग म्हटलं, आता निस्तरलं आहे, कशाला उकरून काढा. नोकरी गेली तर औषधपाण्याचं काय? "काही विचारायचंय का?" बाईंनी विचारलं. "पार्किंगचा रस्ता कुठून?" मी म्हटलं. आमच्याकडे सायकल आहे.

३० मार्च

ही गप्प आहे, पण रागावलेली नाही. निळ्या गोळ्यांची बाटली हिने स्वतः केरात टाकली. मोबाइलशास्त्री दर दोन दिवसांनी येतो, पँट आखूड करायला म्हणून. एवढ्या पँटी त्याच्याकडे कुठून आल्या! मला टाळतो. माझ्याशी वाद घालत नाही, हेच नशीब.

३ एप्रिल

हिने अर्धं जेवण टाकलं. विचारलं तर, "केमो."

६ एप्रिल, रविवार

सकाळी खिडकीशी सुईत दोरा ओवायला मला हाक मारली. उजेडात डोळे बघितले. हळदीसारखे पिवळे. हातून सुई पडली. ही म्हणाली, "ओरडू नका. भावाने आणून दिलं. बारा दिवस घेतेय, खरं औषध." गाडी बोलावली आहे. येईपर्यंत हे लिहितोय, कारण हात नुसते ठेवता येत नाहीत. ही चपला घालून दारात बसली आहे. मगाशी म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना सगळं तुम्हीच सांगा हं, पहिल्यापासून. मला भीती वाटतेय." लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, हिच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं.