वांगणीचा पांढरा चौकोन

१२ नोव्हें., बुध. जव्हार
वांगणीच्या रानातल्या कॅमेऱ्याचं, गावातल्या पोराने आणून दिलेलं कार्ड लॅपटॉपला लावलं. सुरुवातीला पानं, एक भेकर. मग सगळे फोटो काळे. का, कळेना. तक्त्यात ‘बिबट्या’चा रकाना रिकामा ठेवून पाठवला.

१३, गुरु.
मोठा नकाशा आला. अख्ख्या सह्याद्रीतले कॅमेरे एकत्र. बिबट्या दिसला तो चौकोन हिरवा. वांगणी पांढरी. रिकाम्या रकान्याला संगणकाने शून्य धरलं. पांढऱ्या चौकोनातल्या रानाला पुढच्या वर्षी वणव्यापासून राखण नाही.
नकाशा करणाऱ्या पुण्याच्या सरांना फोन. “रिकामं चालत नाही. शून्य किंवा एक. सोमवारी राखण ठरवायची बैठक आहे.”
काही वाटलं नाही. भांडी घासली.

१४, शुक्र.
वावर गावापर्यंत एसटी, पुढे पायी. कॅमेऱ्याच्या भिंगावर लाल फडकं, घट्ट गाठ. रानाला लागून सखूमावशीचं घर. तिला विचारलं.
“मीच बांधलं. वाघबारशीला समोरच्या वाघाच्या देवाला कोंबडं दिलं, न तुझं यंत्र त्याच्या तोंडाकडं टक लावून! जेवताना कोनी असं बघतं काय?”
“पण वाघ येतो ना अजून?” (इथे बिबट्यालाही वाघच म्हणतात.)
“येत नाय तर कोंबडं कोनाला दिलं?”
“तूच खाल्लंस,” शेजारीण म्हणाली. जमलेल्या बायका हसल्या. मीही, जरा उशिरा.
मावशीने दुसरं झाड दाखवलं. देवाकडे पाठ, ओढ्याकडे तोंड. कॅमेरा तिथे बांधला. सोमवारच्या आत त्याचा उपयोग नाही.
चिखलात एक ठसा होता, गुरांनी तुडवलेला. बिबट्याचा म्हणवेना.

१५, शनि.
चौथीपर्यंत बाबांनी घरीच शिकवलं. न पाहिलेलं लिहिलं की पाटी पुसायला लावायचे. आज त्यांना सगळं सांगितलं. नाचणी निवडत होते.
“एक टाक. रान तरी वाचेल.”
मी बघत राहिले. ते पुन्हा खडे वेचायला लागले.

१६, रवि.
कपडे धुतले. वाळत घातले. बाकी काही नाही.
एक टाकला तर त्यावरून पुढे काय काय ठरेल, आणि ते…

१७, सोम.
रकान्याशेजारी लिहिलं : भिंगावर फडकं होतं. माहीत नाही. पाठवलं.
लगेच सरांचा फोन. “‘माहीत नाही’ला आपल्याकडे रंग नाही गं.”
बैठक दुपारी. तोवर रकाना बदलता येतो. लॅपटॉप समोर उघडा आहे. बाबा दारातून डोकावून गेले. रकाना अजून रिकामाच.