गरम कपाटातला मफलर

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकलं की हल्ली कमरेत चमक भरते, तेव्हा हा बसूनच केला आहे असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजी लोकांना चष्मे विकता विकता स्वतःचा चष्मा अजून दुकानभर शोधतात का? माझा घसा बरा आहे, नाक बरं नाही, आणि बाकीची प्रकृती सध्या तुझ्या लेकीच्या ताब्यात आहे.

तू मला इथे कशासाठी पाठवलंस ते विसरलेलो नाही. दोन-चार दिवस राहा, गोड बोल आणि भिंगरीला घेऊन ये. कोंबडीच्या पिलांना उकडतं की थंडी वाजते हे बघण्यात पोरीची उमेदीची वर्षं चालली आहेत आणि आपल्या दुकानात बसायला माणूस नाही, असं तू मला निघताना बजावलंस. मी मान डोलावली. (तुझ्यासमोर मी दुसरं काही केल्याचं मला आठवत नाही.) त्या दोन-चार दिवसांचे आता दीड-दोन महिने झाले. काय काय घडलं ते नीट लिहितो, म्हणजे तुला रागावताना काही राहून जायला नको.

आल्या आल्याच ती मला कामाच्या जागी, तिच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. लांबच लांब इमारत, जिन्यात फिनेलचा वास, आणि तिच्या खोलीत असा गारठा की माझ्यासारख्या गाण्याच्या मास्तराचा गळा उंबऱ्यातच बसावा. मी मफलर कानावरून दोनदा गुंडाळला. भिंगरीने मला एका स्टुलावर बसवलं, कशालाही हात लावू नकोस म्हणाली आणि काम समजावून सांगायला लागली. ताई, ही मुलगी लहानपणी पाहुणे आले की पलंगाखाली जाऊन बसायची. तीच मुलगी तासभर बोलत होती आणि मला एकदाही जांभई आली नाही. (माझ्या वर्गात मुलांचं काय व्हायचं ते तू पाहिलं आहेस.) तिचं म्हणणं असं. कोंबडीच्या मांसात तंतूंना चिकटून मूळपेशी बसलेल्या असतात. पुढे त्यांचंच मांस व्हायचं असतं. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की सुरुवातीचे काही दिवस त्याला स्वतःचं अंग उबदार किंवा गार ठेवता येत नाही. हवा तापली की तेही तापतं, हवा गारठली की तेही गारठतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत या पेशींची सगळ्यांत जास्त धावपळ चाललेली असते. उष्णता जास्त झाली की त्या भराभर वाढतात खऱ्या, पण वाढता वाढता पोटात चरबीही साठवायला लागतात. थंडीत चरबी कमी, पण वाढही रेंगाळते. म्हणजे ज्या पेशीने दणकट स्नायू व्हायचं, ती उबेला बसून गाठोडं होऊन बसते. (इथे मला भावोजी आठवले. का ते लिहीत नाही.)

याचा उपयोग काय, हा तुझा प्रश्न मी तुझ्याच आवाजात विचारला. ती म्हणाली, उन्हाळे कडक होत चाललेत मामा. लहानपणी तापलेल्या पिलाच्या मांसात नको तिथे चरबी धरते. ती खाणाऱ्याला नको, पाळणाऱ्याला नको आणि कोंबडीला तर मुळीच नको. पिलांना कोणत्या वयात किती ऊब द्यायची हे नीट कळलं तर तिघांचंही भलं होईल. मला तर हे ऐकून वाटलं की आपल्या घरात आजवर कुणी तिघांचं एकदम भलं केलेलं नाही.

आता अपराधाकडे येतो. खोलीत तीन छोटी कपाटं होती, एक गार, एक बेताचं आणि एक चांगलं गरम. तिन्हींतही काचेच्या चपट्या बश्यांमध्ये त्या पेशी वाढत होत्या. (त्या पिलांतून कशा काढतात ते मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस.) एके दिवशी भिंगरी बाहेर कुणाशी तरी बोलत उभी होती आणि मी त्या स्टुलावर कुडकुडत होतो. समोर गरम कपाट. ताई, तूच सांग, गारठलेला मफलर गळ्यात असलेल्या माणसाने काय करायचं? मी दार उघडलं, बश्या जरा बाजूला सरकवल्या, मफलर घडी घालून आत ठेवला आणि दार लावून घेतलं. सगळं इतकं व्यवस्थित केलं की माझं मलाच कौतुक वाटलं.

भिंगरीने येऊन कपाट उघडलं. आत पाहिलं. मला वाटलं आता छप्पर उडणार. ती म्हणाली, "मामा, हा कुणाचा प्रयोग?"

मी म्हटलं, "घशाचा."

"गरम झाला का?"

"छान झालाय."

"मग घाल गळ्यात," ती म्हणाली आणि खाली मान घालून बश्या बाहेर काढायला लागली. एकेक बशी उजेडाकडे धरून ती लोकरीचे तंतू शोधत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं गं.

त्या लोकरीने काय केलं ते पुढच्या दिवसांत दिसलं. काही बश्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके उगवले. बाकीच्या वरून स्वच्छ दिसत होत्या. तिथेच खरी अडचण झाली. हाच प्रयोग तिने आधी दोनदा केला होता. तिसऱ्यांदा तेच निघालं की गोष्ट पक्की होणार होती, आणि काम पुढे चालू ठेवायचं की गुंडाळायचं हे ठरवणारे पाहुणे त्याच आठवड्यात यायचे होते. तिच्याबरोबर काम करणारा एक उंचच उंच गृहस्थ आहे, त्याला सगळे शिडी म्हणतात. मनाने फार चांगला. तो म्हणाला, स्वच्छ बश्या तेवढ्या मोज, कोण विचारतंय? (मी लगेच मान डोलावली. माझ्या मानेला तेवढंच येतं.) भिंगरी म्हणाली, "मी विचारतेय ना." आणि तिने सगळ्या बश्या, चांगल्या दिसणाऱ्यासुद्धा, एकीवर एक रचून फेकायला नेल्या. कित्येक आठवड्यांचं काम होतं ते. तोंडाने मात्र ती कसलीशी चाल गुणगुणत होती, आणि तीही बेसूर. मी दुरुस्त केली नाही, यावरून माझी अवस्था ओळख.

पाहुण्यांसमोर ती उभी राहिली तेव्हा मी मागच्या रांगेत होतो. तिने दोन वेळचे आकडे दाखवले आणि स्वच्छ सांगून टाकलं की तिसरी खेप आमच्याच हातून बिघडली, तेव्हा माझ्या म्हणण्यावर इतक्यात भरवसा ठेवू नका. एका पाहुण्याने विचारलं, कशी बिघडली? ती म्हणाली, कपाटात लोकर गेली. कुणाची ते सांगेना. समोर तिच्या वरिष्ठ बाई बसल्या होत्या, त्यांच्या भुवया चढत चालल्या, आणि माझ्याने राहवेना. मी उठलो आणि म्हणालो, "लोकर माझी आहे, साहेब. मी तिचा मामा." सभागृहात हशा पिकला. पाहुणा मात्र हसला नाही. तो भिंगरीला म्हणाला, "तिसरी खेप नव्याने करा, मग बोलू. मामांना बाहेर ठेवा."

पण तिने मला बाहेर ठेवलं नाही. आता इथून पुढे माझी बढाई आहे, तेव्हा चष्मा पुसून वाच. नवी पिलं आली, पुन्हा पेशी काढल्या, पुन्हा तीन कपाटं लागली, आणि मला काम मिळालं, कपाटांसमोर बसून तापमानाचे आकडे हलत नाहीत ना ते बघायचं. मफलर घरी ठेवून! त्या गारठ्यात मी गळा उघडा टाकून बसत होतो. नाक गेलं ते तेव्हाच. वीज एकदा दुपारी गेली तर मी असा ओरडलो की शिडी दोन मजले धावत आला. (आवाज अजून लागतो.) भिंगरी तर जेवणसुद्धा उभ्याने उरकायची. बशी हातात घेताना तिचा चेहरा असा व्हायचा, जसा उत्तम गवयाचा पहिला सूर लावताना होतो. हे मी उगाच कुणाबद्दल लिहीत नाही, माझ्या एकाही शिष्याबद्दल आजवर लिहिलेलं नाही.

शेवटी तिने पेशींवर चरबी तेवढी लाल दिसावी असा रंग घातला आणि मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. गार कपाटातल्या बशीत लाल ठिपके अगदी तुरळक. गरम कपाटातल्या बशीत जिकडे तिकडे लालच लाल थेंब, एकेका पेशीत गच्च भरलेले. मांडीच्या मांसातल्या पेशींत फरक बेताचा, छातीच्या पेशींत मात्र ठसठशीत. म्हणजे तिन्ही वेळा तेच! मी मागे वळून पाहिलं तर ती भिंतीला टेकून उभी होती. माझ्या तोंडावर काय दिसतं तेच बघत होती. मी "सुरेख" एवढंच म्हणालो. तेवढ्यावर ती लहानपणीसारखी तोंड लपवून रडली, आणि मग आम्ही दोघं रडलो, आणि शिडी दार अलगद लोटून निघून गेला.

पाहुण्यांनी नवे आकडे पाहिले आणि होकार दिला, काम पुढे चालू राहणार आहे. दुकानात बस असं मी तिला अजून म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही. तू रागाव. पण एकदा तिला काम करताना पाहा आणि मग रागाव.

भावोजींना नमस्कार. त्यांना या पत्रातली कंसातली वाक्यं वाचून दाखवू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या मागच्या गच्चीला अजून कठडा आणि सावली आहे ना? सहज विचारतोय.

ता. क. (दुसरा) सहज नाही. तुलना करायला इथे सावकाश वाढणाऱ्या जातीच्या काही कोंबड्या मागच्या अंगणात पाळल्या होत्या. त्यांचं काम संपलं. त्यांचं पुढे काय करायचं यावर बाई गप्प बसल्या आणि ते गप्प बसणं मला आवडलं नाही, म्हणून मी भर बैठकीत सांगून टाकलं की माझ्या बहिणीकडे ऐसपैस जागा आहे आणि तिला पक्ष्यांचा फार लळा आहे. पुढच्या आठवड्यात घेऊन येतो. तीन-चारच आहेत.

ता. क. (हा माझा, आई) पत्र टाकायला मामाने माझ्याकडे दिलं आणि मी वाचलं. कोंबड्या अकरा आहेत. मामाच्या एकट्याच्या हाती त्या देववत नाहीत, म्हणून मीही सुट्टी काढून येते आहे.