अमावास्येचा आकडा

१ सप्टें., सोम.
आले : पुण्याहून स्वातीचे पार्सल. बोर्ड एक, वायर, आकड्यांची बटणं. तिचे १,८५० गेले. गौरीच्या ओटीचे राखलेले तिला देईन. हे गेल्याचं वर्ष, यंदा गौरी नाहीत.
माणगावहून भाऊजींचा फोन नाही. अमावास्येपासून नववा दिवस.

३ सप्टें., बुध. एकादशी
खारातल्या शेतावर जाऊन आले. भाऊजींचं भात टोकाकडून जळाल्यासारखं. खारं पाणी पार मधल्या बांधापर्यंत गेलेलं. राखणदार गणादादा खाडीकडच्या दारापाशी उघाडीतला गाळ काढत होता.
"वयनी, भरतीला दार उघडं कसं ऱ्हायलं, ते तरी सांगा."
सांगितलं. हे गेल्यापासून रोज सकाळी तिथीचा आकडा मीच दाबते. त्यावरून यांनी केलेलं यंत्र भरतीची वेळ काढतं, उघाडीचं दार पाडतं. पंचांगात अमावास्येपुढे ३० छापलेलं. हे गेल्यावरची पहिलीच अमावास्या, ३० दाबलं.
"मंग बरोबरच की," म्हणाला. परत फावडं उचललं.
देवापुढे दिवा लावला. मागायचं काही आठवलं नाही.

६ सप्टें., शनि.
स्वातीचा फोन. यांचा प्रोग्राम सी भाषेतला, रिटायर झाल्यावर चार दिवसांत लिहिलेला.
"यंत्र बिघडलं नाही, आई. बाबांनी भरतीच्या वेळांचे पंधराच खण केले होते. अमावास्येलाही ते पंधरा दाबायचे. तू तिसावा खण मागितलास. सी नाही म्हणत नाही. पलीकडे जे पडलं असेल ते उचलून देते."
आता ती रस्ट म्हणून नव्या भाषेत परत लिहितेय. दहा दिवस झाले. "पावलोपावली अडवते गं. हे कुणाचं, आकडा भलताच आला तर काय, सगळं आधी विचारते. रडकुंडीला आलेय."
म्हटलं, मग जुनीच सोपी.
"लिहायला सोपी. बटण दाबायला तू होतीस."

७ सप्टें., रवि. पौर्णिमा
१५ दाबलं. दार वेळेवर पडलं. तरी ओहोटी लागेपर्यंत तिथेच उभी.

१२ सप्टें., शुक्र.
स्वाती आली. नवा बोर्ड जोडून दाखवला. ३० दाबलं, अमावास्या धरून वेळ दिली. मुद्दाम ३१ दाबलं. लाल दिवा, दार आपोआप खाली, नीट आकडा दिल्याशिवाय उघडेना.
गणादादा : "ही तर सासूच हाय." स्वाती हसली. मीही हसले असेन.
पण यांचा बोर्ड काढू दिला नाही. म्हटलं, मोटर भाऊजींनी बसवलेली, दोघा भावांनी मिळून केलेलं, त्यांना विचारू. नवा परत डब्यात ठेवला. ती संध्याकाळच्या एस्टीने गेली.

१४ सप्टें., रवि.
यांची वही काढली. प्रोग्रामच्या पानावर पेन्सिलीने : 'अमा. = १५च. ३० देऊ नये.' खाली भाऊजींचं अक्षर : 'बरोबर.'
म्हणजे दोघांना ठाऊक होतं. आणि मला
भात लावला, खाली लागला. तोच खाल्ला.

१५ सप्टें., सोम.
भाऊजी फोन उचलत नाहीत. कार्ड टाकलं. नक्कल :
'भाऊजींस नमस्कार. दार माझ्या हातून उघडं राहिलं, तुमचं भात गेलं. तिसाचं तुम्हा दोघांना ठाऊक होतं, हे काल वहीत पाहिलं. मला सांगायचं राहिलं की सांगावंसं वाटलं नाही, हे यांना आता विचारता येत नाही, म्हणून तुम्हाला विचारते. येत्या रविवारी पुन्हा अमावास्या. स्वातीचा बोर्ड तयार आहे. यांचा काढू का? तुमच्या शब्दाशिवाय हात लावणार नाही. शनिवारच्या आत मिळेल असं, रागाचं असलं तरी चालेल, उलट टपाली कळवावे.'