कानावरचं जानवं आणि इंदूरचं मशीन

प्रिय आप्पा,

आज तुमचं वर्षश्राद्ध झालं. रामघाटावर मंत्र सांगायला तुमचे मित्र विष्णूकाकाच होते. सारखे मधेच उठून जात होते, आणि परत आल्यावरही जानवं कानावरच. ते पाहिलं आणि घरी येऊन लिहायला बसले.

तुमचंही असंच सुरू झालं होतं ना? लघवीला जाताना जानवं कानावर चढवायचं, आल्यावर उतरवायचं. मग जाणं इतकं वाढलं की उतरवायचंच सोडलंत. जानव्याला बांधलेली कपाटाची किल्ली कानाखाली डुलायची. आई म्हणायची, "एकाच कानात डूल घालून हिंडतायत."

मी विचारलं की म्हणायचात, "तू बीएस्सी आहेस, डॉक्टर नाहीस." पण डॉक्टरांकडे तरी कुठे जात होतात?

गेलात तेव्हा उशीर झाला होता. तुकडा काढून तपासला, प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. तो ग्रंथीतच आहे की बाहेर गेलाय, हे बघायला इंदूरला एमआरआय. नानाखेड्याच्या स्टँडवर बसमध्ये कुणी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "कमर का फोटो खिंचवाने."

तिथला टेक्निशियन म्हणाला, "पंडितजी, चाबी उतारिए. अंदर चुंबक है."

"जनेऊ में बँधी है. नहीं उतरेगी."

"फिर जनेऊ समेत खिंच जाएगी."

तुम्ही गाठ सोडलीत आणि किल्ली माझ्या हातात दिलीत. आईलाही कधी दिली नव्हती!

मशीन सुरू झाल्यावर तो माइकवरून म्हणाला, "हिलिए मत." मग आतून तुमचा आवाज. "मैं कहाँ हिल रहा हूँ? तुम्हारी मशीन की ठोकपीट में मेरा रुद्र चूक गया. अब शुरू से बोलूँगा."

कॅन्सर ग्रंथीबाहेर गेला होता. घाटावर मात्र तुम्ही शेवटपर्यंत कंबरच सांगितलीत. आता कंबर धरली की अर्धा घाट 'वो इंदौर वाली मशीन' मागतो. आणि ज्यांना खरं कळायला हवं होतं, ते विष्णूकाका मुकाट कानावर जानवं ठेवून फिरतात. हे बरं केलंत का, आप्पा?

उद्या त्यांना माधवनगरच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. वयानं नुसती ग्रंथी वाढलेलीही असेल, पण तपासायला तर हवं. ते नाही म्हणाले तर तुमचा आजार नावासकट सांगीन. रागावू नका.

इंदूरला जायची वेळ आलीच, तर त्यांच्याही जानव्याला किल्ली आहे. ती मी सांभाळीन. तुमची अजून माझ्याजवळच आहे.

तुमची बीएस्सी,
सुधा